हरिहरेश्वरचे दोन बुडालेले मे महिने

कोरोनाच्या महामारीने पर्यटनाचे नुकसान केले, हे विधान खरे आहे, पण त्यातून हाती फारसे काही लागत नाही. कारण ज्या व्यवसायाचे अस्तित्वच माणसांच्या हिंडण्याफिरण्यावर अवलंबून आहे तो संचारबंदीत ठप्प होणार, हे कळण्यासाठी अभ्यासाची गरज पडत नाही. २०२० या एका वर्षात जगभरातील आंतरराष्ट्रीय पर्यटकांची संख्या सत्तर टक्क्यांहून अधिक घटली, असे संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक पर्यटन संघटनेने नोंदवले. हा आकडा प्रचंड असला तरी तो सीमा ओलांडणाऱ्या प्रवाशांचा आहे, आणि ज्यांच्या अंगणात मुंबई-पुण्याची गाडी येऊन थांबते अशा कोकणातील घरांचा हिशेब त्यात कोठेही येत नाही. त्या घरांपुरता विचार करायचा तर प्रश्न वेगळा विचारावा लागतो. गेल्या तीन-साडेतीन दशकांत ज्या गावांनी पर्यटनाला ‘जोडधंदा’ म्हणून घरात घेतले, त्या गावांत हा जोडधंदा थांबल्यावर मूळ धंद्याने घर सावरले का? रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकावरील हरिहरेश्वर हे या प्रश्नासाठी फार नेमके उदाहरण आहे, कारण तेथे २५ मार्च २०२० ची देशव्यापी टाळेबंदी आणि ३ जून २०२० चे ‘निसर्ग’ चक्रीवादळ हे दोन आघात अवघ्या दहा आठवड्यांच्या अंतराने झाले. पहिल्याने जोडधंदा ठप्प केला आणि दुसऱ्याने मूळ धंदा मुळासकट उपटला.

श्रीवर्धन तालुक्यातील हे गाव सावित्री नदीच्या मुखाशी, उत्तरेच्या अंगाला आहे. हरिहरेश्वर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री या चार टेकड्यांच्या परिसरातील हे क्षेत्र ‘दक्षिण काशी’ म्हणून ओळखले जाते. मूळच्या श्रीवर्धनच्या भट घराण्याचे, म्हणजे पेशव्यांचे, ते कुलदैवत, आणि काळभैरव-योगेश्वरीला कुलदैवत मानणारी कितीतरी कुटुंबे आजही लग्नानंतर, बारशानंतर किंवा घरातल्या मृत्यूनंतर येथे येतात. देवळामागून टेकडीला वळसा घालणारी प्रदक्षिणेची वाट खडकात खोदलेल्या पायऱ्यांनी थेट समुद्राकडे उतरते आणि लाटांनी तासून सपाट केलेल्या कातळावरून पुढे जाते; खारा वारा आणि पाणी यांच्या झिजेने या कातळाला जागोजागी जाळीदार खळगे पडले आहेत, आणि ही सारी वाट ओहोटीच्या वेळेपुरतीच मोकळी असते. तीर्थयात्रा आणि निसर्गदर्शन या दोन गोष्टी इतरत्र वेगवेगळ्या खात्यांत मोडतात. येथे त्या एकाच पायवाटेवर चालतात. म्हणूनच येथील पर्यटनाची मुळे पर्यटन हा शब्द रुळण्याच्या फार आधीची आहेत. यात्रेकरू उपाध्यांच्या घरी उतरत असे, तेथेच जेवत असे, श्राद्ध किंवा अस्थिविसर्जन उरकून परतत असे, आणि त्याच्या पुढच्या पिढ्या त्याच घरी येत असत. आज पाट्यांवर दिसणारी ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ हा त्या जुन्या व्यवहाराचा विस्तार आहे. फरक इतकाच, की यजमान आणि पाहुणा यांना बांधणारे पिढीजात नाते गेले आणि त्या जागी शनिवार-रविवारचा दर आला.

या विस्तारापूर्वी गावाचा संसार प्रामुख्याने दोन मिळकतींवर चालत होता. पहिली वाडीची. कोकणात ‘वाडी’ म्हणजे घराला लागून असलेली, विहिरीच्या पाण्यावर जगणारी दाट बाग. तिच्यात नारळ आणि सुपारी यांची उंच झाडे, त्यांच्या सावलीत जायफळ, केळी, आणि सुपारीच्या खोडांवर चढवलेले मिरीचे वेल अशी एकाच जमिनीत थरांवर थर रचलेली लागवड असते. श्रीवर्धनची ‘रोठा’ सुपारी तिच्या पांढऱ्या, मऊ गराबद्दल बाजारात नावाजलेली आहे आणि श्रीवर्धनला कृषी विद्यापीठाचे स्वतंत्र सुपारी संशोधन केंद्रही आहे. दुसरी मिळकत मुंबईची, म्हणजे चाकरमान्याच्या पगारातून गावी येणाऱ्या पैशाची. तालुक्यातील अनेक मुस्लिम कुटुंबांत तिची जागा आखाती देशांतील नोकरीने घेतली आहे. १९९० नंतर खाजगी गाड्या वाढल्या, महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने येथे निवासस्थान उभारले, आणि पाहुण्यांची मिळकत ही तिसरी जोड मिळाली. कागदावर हे चित्र आदर्श दिसते, कारण उपजीविका एकाच धंद्यावर टांगलेली नसावी हेच तर ग्रामीण अर्थशास्त्र सांगते. पण बारकाईने पाहिले तर पाहुणे मुंबई-पुण्याचे, पगार मुंबईचा आणि सुपारी-नारळाचा व्यापारीही बहुधा वाशी-मुंबईकडे तोंड करून बसलेला. मिळकती तीन, पण तिन्ही एकाच खांबावर तोललेल्या. आणि तो खांबच मार्च २०२० मध्ये कोसळला. महामारीने हरिहरेश्वरबद्दल काही नवे सिद्ध केले असेल तर ते हे, की धंद्यांची संख्या वाढली म्हणून जोखीम वाटली जातेच असे नाही.

येथे एका शब्दाची झाडाझडती आवश्यक आहे. कोकण किनाऱ्यावरील जवळजवळ सर्वच पर्यटनाला आज सरसकट ‘निसर्गपर्यटन’ म्हटले जाते. या संज्ञेची सर्वमान्य होत गेलेली व्याख्या इंटरनॅशनल इकोटुरिझम सोसायटीने १९९० मध्ये केली. तिचा आशय असा, की नैसर्गिक प्रदेशातील ज्या प्रवासामुळे तेथील पर्यावरणाचे रक्षण होते आणि स्थानिक लोकांचे भले होते तोच निसर्गपर्यटन या नावाला पात्र. म्हणजे निसर्गरम्य जागी जाणे पुरेसे नाही; पाहुण्याच्या पैशातून त्या निसर्गाच्या राखणीचा खर्च निघाला पाहिजे. टाळेबंदीने या व्याख्येची एक विलक्षण कसोटी आपसूक उपलब्ध करून दिली: पाहुणे थांबल्यावर निसर्गरक्षणाचे काम अडले का? केनियातील मसाई मारा अभयारण्याभोवती मसाई जमीनमालकांनी आपल्या जमिनी एकत्र करून संरक्षित क्षेत्रे उभी केली आहेत. तेथे जमीन वन्यप्राण्यांसाठी मोकळी ठेवण्याच्या बदल्यात पर्यटन कंपन्या मालकांना नियमित भाडे देतात, आणि २०२० मध्ये पर्यटक थांबताच हे भाडे, पर्यायाने ती सारी व्यवस्थाच, संकटात आली. सावित्रीच्या पलीकडे, रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले आणि २००६ पासून तेथे कासव महोत्सव भरू लागला; पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात आणि अंड्यातून निघालेली पिल्ले समुद्राकडे जाताना पाहतात. टाळेबंदी लागली तेव्हा पिल्ले निघण्याचा हंगाम ऐन भरात होता. पाहुणे थांबले, पण कोल्ह्या-कुत्र्यांपासून घरटी राखणे थांबवून चालणार नव्हते. हरिहरेश्वरला मात्र या कसोटीचे उत्तर शून्य येते. पाहुण्यांचा पैसा बंद झाल्यामुळे तेथील एखादी टेकडी, एखादा कातळ किंवा वाळूचा पट्टा राखण्याचे काम अडले असे झाले नाही, कारण त्या पैशातून असे काम मुळात चालतच नव्हते. येथील निसर्ग हा पर्यटनाचा भागीदार नसून केवळ त्याचा पडदा आहे, आणि पडद्याला कोणी मजुरी देत नाही.

अर्थात या कसोटीची दुसरी बाजूही मान्य करावी लागते. खरे निसर्गपर्यटन महामारीत अधिक दुबळे ठरते, कारण त्यात माणसाच्या पोटाबरोबर कासवाचे आणि सिंहाचे भवितव्यही पाहुण्यावर अवलंबून असते. म्हणून मसाई माराचा नमुना जसाच्या तसा कोकणात आणावा असे म्हणणे भाबडेपणाचे होईल.

आता टाळेबंदीच्या प्रत्यक्ष परिणामाकडे वळता येईल. कोकणच्या पर्यटनाचे वर्ष बारा महिन्यांचे नसते. जून ते सप्टेंबर हा पावसाळा. मग दिवाळीची सुटी, नाताळ ते नववर्ष, एखादी जोडून आलेली सुटी, महाशिवरात्रीसारखा उत्सव, आणि शेवटी एप्रिलच्या मध्यापासून मेअखेरपर्यंतचा काळ, ज्याला सारा किनारा नुसते ‘सीझन’ म्हणतो. वर्षाच्या कमाईचा मोठा हिस्सा या सहा-सात आठवड्यांत येतो आणि तो येताच त्याला वाटाही फुटतात: कौलांची शाकारणी, अगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर करायची, धान्य-सरपणाची बेगमी, जूनमधली शाळेची फी, वाडीत काम केलेल्या गड्यांची राहिलेली मजुरी, वाण्याची उधारी आणि खोल्या बांधण्यासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता. मे महिन्याचा पैसा हा चैनीचा पैसा नसून पावसाळा पार करण्याचा पैसा आहे, ही गोष्ट ध्यानात घेतल्याशिवाय महामारीचा घाव किती खोल गेला ते समजत नाही.

महाराष्ट्रातील निर्बंधांच्या तारखा या वर्षचक्रावर ठेवून पाहिल्या तर त्यातील दुर्दैव उघड दिसते. मार्च २०२० मध्ये देवळे बंद झाली आणि लगोलग टाळेबंदी आली. पहिला सीझन बुडाला. ८ जुलैपासून हॉटेले एकतृतीयांश क्षमतेने उघडण्याची परवानगी मिळाली, पण तोवर भर पाऊस होता आणि एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी लागणारा ई-पास सप्टेंबरच्या आरंभापर्यंत रद्द झाला नव्हता. देवळांची दारे १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. ती उघडी राहिली एप्रिल २०२१ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत, कारण दुसऱ्या लाटेत ‘ब्रेक द चेन’ या नावाने नवे निर्बंध आले, जिल्हाबंदी परतली आणि दुसरा सीझनही हातचा गेला. त्यानंतर देवळे उघडली ती थेट ७ ऑक्टोबर २०२१ च्या घटस्थापनेला. सुमारे एकोणीस महिन्यांपैकी देवळाचे दार जेमतेम साडेचार-पावणेपाच महिने उघडे होते, आणि त्या उघड्या महिन्यांत एकही मे नव्हता. ज्या क्षेत्री लोक मृतांचे विधी करण्यासाठी येतात तेथे, घराघरांत मृत्यू येत असताना, यात्रेकरूंना बंदी असावी यातील विसंगती वेगळी सांगायला नको. साथरोग रोखण्यासाठी ही बंदी आवश्यक नव्हती असे येथे सुचवायचे नाही. सावित्रीच्या खाडीत बागमांडला आणि वेसवी यांच्यामध्ये चालणारी, एरवी दोन जिल्ह्यांना एका बाजारपेठेसारखे जोडणारी फेरीबोटीची वाट या काळात जिल्ह्याच्या सीमेची कुलूपबंद रेषा झाली. तिचे कारण योग्य होते, पण तिची किंमत कोणी मोजली हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

याच काळात मुंबईच्या मिळकतीचा धनी, म्हणजे चाकरमानी, उलट्या पावलांनी गावात आला. मुंबई आणि कोकण यांचे नाते अर्थशास्त्राच्या भाषेत मांडायचे तर गाव हे मुंबईच्या कामगाराचे अलिखित विम्याचे घर राहिले आहे. १८९६ च्या प्लेगमध्ये मुंबईतून माणसांचे लोंढे गावोगाव परतले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात, हप्ता ना पगार अशा अवस्थेत, अनेक गिरणी कामगारांनी पुन्हा गावाचाच आधार घेतला. मुंबईच्या कामगारवर्गाचा इतिहास लिहिणाऱ्या राजनारायण चंदावरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी हेच दाखवले आहे, की गावाशी असलेला संबंध ही कामगाराची मागासलेली सवय नव्हती, शहरातील बेभरवशाच्या रोजगाराला तोंड देण्याची ती एक विचारपूर्वक रीत होती. २०२० च्या मे महिन्यातही तेच घडले. फरक इतकाच की यावेळी परतणाऱ्याला शाळेच्या खोलीत विलगीकरणात राहावे लागले, आणि गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांसाठी शासनाने १२ ऑगस्टपूर्वी पोहोचण्याची आणि दहा दिवसांच्या विलगीकरणाची अट घातली. खाणारी तोंडे वाढली आणि मुंबईहून येणारा पैसा घटला. शहराचा विमा गावाने पुन्हा एकदा भरला, पण गावाचा विमा कोण भरतो या प्रश्नाला कोणत्याही सरकारी कागदावर उत्तर नव्हते.

ते उत्तर एरवी वाडीने दिले असते. पाहुणा नाही, पगार नाही, पण सुपारी आहे, नारळ आहे, विहीर आहे. एवढ्यावर एखादे वर्ष ओढता येते. ३ जून २०२० च्या दुपारी ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांनिशी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात धडकले आणि हाच आधार काढून घेतला. सुपारीचे झाड उंच, सडपातळ, मुळे उथळ. दाट लावलेल्या वाडीत एक झाड पडताना शेजारच्या दोघांना घेऊन पडते आणि खालचे जायफळ व मिरीचे वेल त्यांच्याखाली चिरडले जातात. घरांची कौले आणि पत्रे उडाले, त्यात पाहुण्यांसाठी बांधलेल्या खोल्याही होत्या. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ज्या मे महिन्याच्या कमाईतून शाकारणी व्हायची तो मे बुडालेला आणि डोक्यावर पावसाळा, अशा वेळी छप्पर गेले. नव्याने लावलेली सुपारी साधारण सात-आठ वर्षांनी पूर्ण उत्पन्नाला येते, नारळालाही सुमारे तितकाच काळ लागतो आणि जायफळ त्याहून सावकाश वाढते. हॉटेल बंद पडले तर ते परवानगीच्या दिवशी उघडते. वाडी शासनाच्या आदेशाने उघडत नाही.

या हानीची भरपाई ज्या पद्धतीने मोजली गेली ती पद्धत या साऱ्या प्रकरणातील सर्वांत बोलका भाग आहे. मुख्यमंत्र्यांनी ५ जून २०२० रोजी रायगडसाठी १०० कोटी रुपयांची तातडीची मदत जाहीर केली, आणि फळबागांसाठी हेक्टरी मदतीचा दर वाढवून ५०,००० रुपये करण्यात आला. मोठ्या आंबा-बागायतदाराला हा हिशेब निदान समजण्याजोगा आहे. पण शंभर गुंठ्यांचा एक हेक्टर, तेव्हा हेक्टरी ५०,००० म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. आणि किनाऱ्यावरील वाड्या गुंठ्यांतच मोजल्या जातात. दहा गुंठ्यांच्या वाडीवर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या घराला या दराने ५,००० रुपये मिळतात, ज्यात पडलेली झाडे तोडून बाहेर काढण्याची मजुरीही सुटत नाही. या विसंगतीवर ओरड झाल्यानंतर शासनाने झाडनिहाय मदत मान्य केली: सुपारीच्या झाडाला ५० रुपये आणि नारळाच्या झाडाला २५० रुपये. हेक्टरऐवजी झाड मोजणे ही तत्त्वतः मोठी सुधारणा होती. तरीही ५० रुपये ही रक्कम झाडाची आहे की रोपाची, असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. कारण पडले ते आणखी कित्येक वर्षे फळ देणारे झाड आणि मिळाली ती नवे रोप आणून खड्डा भरण्याची किंमत. मधली सात-आठ वर्षे हिशेबातून गळाली.

पर्यटनाच्या बाजूने आलेली मदतही अशीच कागदाच्या चाळणीतून गेली. मे २०२० मध्ये केंद्राने आणलेल्या आपत्कालीन पतहमी योजनेत लहान व्यवसायांना २९ फेब्रुवारी २०२० रोजी फेडायच्या बाकी असलेल्या कर्जाच्या वीस टक्क्यांपर्यंत वाढीव कर्ज मिळण्याची सोय होती. म्हणजे ज्याच्या व्यवसायाच्या नावावर आधीच बँकेचे कर्ज होते त्यालाच नवे कर्ज. घरगुती खोल्या बांधणाऱ्याने सोने गहाण ठेवून, पतसंस्थेतून किंवा भावाकडून पैसे उभे केले असतील तर तो या व्याख्येत बसत नव्हता. २८ जून २०२१ रोजी जाहीर झालेली पर्यटन क्षेत्रासाठीची कर्जहमी केंद्र किंवा राज्य शासनाने मान्यता दिलेल्या मार्गदर्शकांसाठी आणि केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची मान्यता असलेल्या सुमारे एक हजार प्रवास-व्यावसायिकांसाठी होती. संपूर्ण देशात सुमारे एक हजार! कोकणातील एखाद्या तालुक्यातील खोल्यांच्या पाट्या मोजल्या तरी या आकड्याचा तोकडेपणा कळतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२० पर्यंत हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली खरी, पण त्या काळातील व्याज चालूच राहिले. २०२० मध्येच राज्याने कृषी पर्यटनाचे आणि किनाऱ्यावरील ‘बीच शॅक’चे अशी दोन धोरणे आणली, दुसऱ्यात रायगडमधून वरसोली आणि दिवेआगर यांची निवड झाली. संकटाच्या वर्षात नवे परवाने देण्याची धोरणे निघावीत आणि बुडालेल्या जुन्यांसाठी कर्जापलीकडे काही नसावे, यावरून शासनाला पर्यटन म्हणजे काय वाटते ते स्पष्ट होते: ते गुंतवणुकीचे क्षेत्र आहे, श्रमाचे नव्हे.

कारण श्रम मोजायचे ठरवले असते तर यादी वेगळी निघाली असती. घरगुती जेवणाच्या पाटीवर नाव बहुधा घरमालकाचे असते. पहाटे उठून नारळ खवणे, तांदळाची उकड काढणे, मोदक वळणे, कोकमाचे आगळ कालवून सोलकढी करणे आणि रात्री शेवटची पंगत उठल्यावर भांडी विसळणे हे काम बायकांचे असते, आणि त्यांच्या हाताखाली गावातल्या किंवा जवळच्या वाडीवस्तीतल्या आणखी दोन-तीन बायका रोजाने येतात. खोली बंद पडली की मालकाचे उत्पन्न बुडते, पण त्याच्याकडे निदान खोली राहते. रोजाने येणारीकडे काय राहते? तिच्या नावावर सातबारा नाही म्हणून वाडीची भरपाई नाही, नोंदणी नाही म्हणून कर्ज नाही. हीच गोष्ट पडलेल्या सुपाऱ्या वेचणाऱ्या, सोलणाऱ्या मजूर बायकांची, वाड्यांत काम करणाऱ्या कातकरी कुटुंबांची, रिक्षावाल्यांची, शहाळी विकणाऱ्यांची आणि मासळी घरोघरी पोचवणाऱ्या कोळणींची. वादळ आले ते पावसाळी मासेमारीबंदीच्या तोंडावर, आणि त्याआधीचे दोन महिने शहरातील बाजार विस्कळीत असल्याने गेलेले. भरपाईचा रुपया जमिनीच्या आणि कागदाच्या मागे जातो, आणि हरिहरेश्वरसारख्या गावात जमीन व कागद सर्वांत कमी ज्यांच्याकडे आहे तेच पाहुणचाराचे सर्वांत जास्त काम करतात.

टाळेबंदीत निसर्गाने मोकळा श्वास घेतला, असे त्या काळात फार लिहिले गेले. माणसांच्या हालचाली अचानक थांबल्याच्या या काळाला जीवशास्त्रज्ञांनी ‘अँथ्रोपॉज’, म्हणजे मानवविराम, असे नाव दिले आणि त्याचा गंभीर अभ्यासही केला. पण किनाऱ्यावर गर्दी नसणे आणि किनारा राखला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कासवाच्या घरट्याला पर्यटकाचा त्रास कमी झाला तरी कोल्ह्याचा कमी होत नाही. राखणारा माणूस लागतोच, आणि त्याच्या घरी चूल पेटावी लागते. शिवाय विराम संपल्यावर जे आले ते पाहता श्वास घेतल्याचे समाधान फार टिकले नाही.

निर्बंध उठताच हरिहरेश्वर, श्रीवर्धन आणि दिवेआगर यांना महामारीचा उलटा फायदाही झाला, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. विमानप्रवासाची भीती आणि परदेशांच्या बंद सीमा यांमुळे शहरातला मध्यमवर्ग स्वतःच्या गाडीने एका दिवसात गाठता येईल अशा जागा शोधू लागला, आणि मुंबई व पुणे या दोन्ही शहरांपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास असलेला हा किनारा त्या शोधात नेमका बसला. गर्दी परतली, पण ती परतली तेव्हा तिचे रूप जुन्या यात्रेकरूचे नव्हते. वाळूत रुतलेल्या गाड्या, ओहोटी-भरतीचे वेळापत्रक न विचारता प्रदक्षिणेच्या कातळावर उतरणारे तरुण, बाटल्या आणि प्लास्टिक यांचा भार स्थानिकांनी उचलायचा, आणि वाढलेल्या मागणीचा मोठा लाभ मात्र ज्याच्याकडे वादळानंतर लगेच बांधकाम करण्याइतके भांडवल होते त्याला. २०१९ ची किनारा नियमन क्षेत्र अधिसूचना स्थानिकांना घराचे जोते, आराखडा आणि दर्शनी भाग न बदलता ‘होम स्टे’ चालवण्याची मुभा देते; त्यामागे राहत्या घरातच पाहुणा सामावून घेण्याची कल्पना आहे. कोलमडलेली वाडी मात्र मालकाला उलट दिशेने ढकलते. सात-आठ वर्षे फळाची वाट पाहण्यापेक्षा मोकळ्या झालेल्या जमिनीवर चार खोल्या बांधणे किंवा ती जमीन शहरातल्या गुंतवणूकदाराला विकणे त्याला शहाणपणाचे वाटते, आणि त्याच्या जागी दुसरा कोणीही असता तरी त्याने तेच केले असते. परिणाम मात्र असा होतो, की पुढच्या आघाताला तोंड देणारा एकमेव आधारही पाहुण्यांच्या खोल्यांखाली जातो. आणि आघात महामारीचाच असावा लागतो असे नाही: ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर रायफली असलेली एक बेवारस नौका वाहत आली, ती वादळी समुद्रात सोडून दिलेली नौका निघाली, पण तोवर गाव दिवसभर देशभरच्या वृत्तवाहिन्यांवर घातपाताच्या शंकेसह झळकून गेले होते. ज्या धंद्याची मागणी दूरच्या शहरातील मनःस्थितीवर ठरते त्याला असे झटके बसतच राहणार.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो दुर्लक्षण्याजोगा नाही. सुपारीवर घर चालत नव्हते म्हणूनच लोक पर्यटनाकडे वळले. तेव्हा वाडीचे गोडवे गाणे ही शहरातल्या लेखकांची हौस आहे, असे एखादा बागायतदार म्हणू शकतो. त्याचे निदान बरोबर आहे. वाडी एकटी पुरत नाही, आणि पर्यटन नको असे म्हणण्याचा अधिकार ज्याला मे महिन्यात शाकारणी करावी लागत नाही त्याला तर मुळीच नाही. पण वाडी पुरत नाही याचा अर्थ ती निरुपयोगी आहे असा होत नाही. ती अडीनडीची शिल्लक आहे, आणि पाहुणाही शेवटी तिच्याच सावलीसाठी येतो. म्हणून शासनाच्या धोरणात खोली आणि वाडी हे दोन स्वतंत्र विभागांचे विषय राहता कामा नयेत. निवास-न्याहारीच्या नोंदणीत राखलेल्या वाडीला सवलत, बागेच्या भरपाईत रोपाऐवजी मधल्या वर्षांच्या उत्पन्नाचा विचार, आणि पर्यटनाच्या कोणत्याही मदतीत रोजाने राबणाऱ्या बाईचे नाव. एवढे बदल झाले तर पुढील संकटाचे गणित वेगळे असेल.

ते होईपर्यंत एक गोष्ट गावाच्या हातात आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ ग्रामपंचायतींना यात्रेकरूंवर कर बसवण्याचा अधिकार देतो, आणि किनाऱ्यावरील अनेक ग्रामपंचायती पर्यटकांच्या गाड्यांकडून पावती फाडून पैसे घेतातही. हा पैसा बहुधा कचरा, दिवे आणि रस्ता यांत संपतो. त्यातला ठरावीक हिस्सा बाजूला काढून तो दोनच कामांसाठी, म्हणजे किनारा व कातळ राखणाऱ्यांच्या मजुरीसाठी आणि सीझन बुडाल्यास सातबारा नसलेल्या कामकऱ्यांना थेट देण्यासाठी, राखून ठेवावा. हरिहरेश्वर, श्रीवर्धन आणि दिवेआगर येथील स्थानिक संस्थांनी, मंत्रालयातील पुढच्या धोरणाची वाट न पाहता, हा ठराव येत्या सीझनच्या आधी आपल्या सभेपुढे आणावा.